अकरावं पान

टेप नऊ मिनिटं चाळीस सेकंदांची.
मी ती एकोणीस वेळा ऐकली,
कारण चौकशी समितीला तीन प्रती हव्या होत्या
आणि खाडाखोड चालणार नव्हती.

श्रीरंग टिपणीस, वय चोवीस, राहणार चरई, ठाणे.
जुहूहून निघाला एकटाच, दोन माणसांच्या विमानातून,
नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, दिवेलागणीला.
पारसिकच्या डोंगराला वळसा घालून परत यायचं,
चाळीस मिनिटांचं काम.

आधी सगळं इंग्रजीत, शिकवल्यासारखं:
उंची, दिशा, इंधन.
मग, खाडीवर एक दिवा आहे.
मग, मी वळलो की दिवाही वळतो.
मनोऱ्यातून विचारलं, पंख दिसतात का?
तो म्हणाला, मोजता येत नाहीयेत, सर.

तिथं त्याचं इंग्रजी संपलं.
नवव्या मिनिटाला तो मराठीत म्हणाला,
"थांब."
पुढे सतरा सेकंद
ओल्या काचेवरून कुणी बोट फिरवावं तसं काहीतरी,
आणि मग नुसती खरखर.

दिल्लीहून आलेल्या साहेबांनी अर्थ विचारला.
मी सांगितला. त्यांनी चार अक्षरांत लिहून घेतला.
मला म्हणायचं होतं, साहेब, थांबा नाही, थांब.
मनोऱ्याला तो शेवटपर्यंत सर म्हणत होता.
अरे-तुरे आपण कुणाला करतो?
देवाला, आईला, दारच्या कुत्र्याला,
हात सोडून पुढे पळणाऱ्या धाकट्या भावाला.
इंग्रजीत ते दिसत नाही,
आणि मी रोजंदारीवर होते.

दिवाळ्याचा जोमा कोळी साक्षीला आला,
धुतलेला सदरा घालून.
"उजेर व्हता बाय, दुपारसारका.
पन माज्या होरीची सावली परली नाय."
साहेब म्हणाले, लिहा, साक्षीदार प्यायलेला असावा.
मी लिहिलं.
जोमानं त्याखाली अंगठा उठवला
आणि शाईचं बोट सदऱ्याला लागू न देता,
तसंच हवेत धरून, घरी गेला.

निष्कर्ष: बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या धुराड्याची ज्योत,
अथवा शुक्र. वैमानिकाचा दिशाभ्रम.
खाडीचा गाळ महिनाभर चाळला.
दोन तुटके नांगर मिळाले, एक शिवणयंत्र.

आणि त्याची आई.
तिनं मला जिन्यात गाठलं.
टेप ऐकू देत नाहीत गं, म्हणाली,
शेवटी काय बोलला तेवढं सांग.
ओळख ना पाळख, तिनंही मला तू म्हटलं.
मी सांगितलं. एक शब्द तर आहे, वाटलं.
तिनं तो पदराच्या गाठीला बांधावा तसा नेला
आणि थांबली.

बावीस वर्षं.
बिल्डरनं दोनदा चांगला भाव दिला,
धाकटी नाशिकला ये म्हणून रडली,
"तो थांब म्हणालाय," एवढंच उत्तर.
गॅलरीतली कपड्यांची दोरीसुद्धा
तिनं होती तिथून हलवली नाही.

मी तिला कधीच सांगितलं नाही
की तो शब्द मागे वळून म्हटलेला नव्हता.
एकोणीस वेळा ऐकलेल्या माणसाला कळतं.
तो पुढे बघून बोलत होता.
ओळखीचं कुणीतरी निघून चाललं असावं, तसा.

आता मी नेरूळला, सातव्या मजल्यावर.
उलव्याची टेकडी कापून विमानतळ झाला,
संध्याकाळी दिवे एकामागून एक खाली येतात.
त्यातला एखादा बराच वेळ
एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो.

सरळ आपल्या रोखानं येणारं विमान
स्थिर असल्याचा भास होतो.
ठाऊक आहे मला.
अकराव्या पानावर मीच टाइप केलंय ते,
मधे दोन कार्बन घालून.

तरी दूध उतू जातं.